सत्याग्रही फ्यूज

पावसाळा सुरू झाला की आमच्या घराचा धोबीघाट होतो. पंख्याखाली सदरे, खुर्चीवर टॉवेल आणि पाहुण्यांच्या डोक्यावर माझा बनियन! म्हणून गेल्या वर्षी कपडे वाळवायचे यंत्र घेतले. यंदा चातुर्मास लागताच त्याने मौनव्रत धरले.

बटण दाबले, ढिम्म! प्लग काढून घातला, मेन स्विच पाहिला. दार नीट बसले नाही तर यंत्र सुरू होत नाही, म्हणून तेही चारदा उघडून लावले. शेवटी दोन थपडा मारल्या. हा उपाय कुठल्या माहितीपुस्तिकेत नसतो. आपल्याकडे तो वंशपरंपरेने येतो.

मेकॅनिकने मागचे झाकण काढून एक चिमुकला तुकडा दाखवला. "फ्यूज उडालाय, साहेब. आत फार तापलं की हा उडतो आणि मशीन बंद पाडतो. उडाला नसता तर आग लागली असती."

मग त्याने जाळी आणि मागची नळी उपसली. कपड्यांच्या धाग्यांची एवढी लव निघाली की उशी भरली असती.

"जाळी दर वेळी साफ करता ना?"

मी सौ.कडे पाहिले. सौ.ने माझ्याकडे पाहिले.

"नवा फ्यूज उद्या मिळेल. घाई असेल तर आत्ता डायरेक्ट करून देतो."

'हो' अगदी ओठांवर आले होते; पण त्या 'डायरेक्ट' शब्दाने एक जुनी गोष्ट आठवली. आमच्या ऑफिसातल्या एका कॅशियरने खोट्या बिलावर सही करायला नकार दिला होता. 'डोकं फिरलंय याचं,' असे म्हणून साहेबांनी त्याची बदली केली. त्याच्या जागी सही मी केली. म्हणजे ऑफिसही आम्ही डायरेक्टच केले! काम झाले, चहा झाला, कुठे काही जळाल्याचा वास आला नाही.

बिघाड म्हणतात तो नक्की कशाला? जो थांबला तो बिघडला, की ज्यांनी त्याच्यावर थांबायची पाळी आणली ते? यंत्रात एकच भाग आपले काम चोख करत होता, आणि थपडा त्यालाच बसल्या!

"डायरेक्ट नको," मी म्हणालो. "उद्याच या."

त्या रात्री बनियन पुन्हा पंख्याखाली आला. आता जाळी मी दर वेळी स्वतः साफ करतो. यंत्राची मनातल्या मनात माफीही मागून झाली. कॅशियरची तेवढी राहिली आहे.