तो आता कुठे असेल?

घरातला कुत्रा गेला की लहान मूल विचारतं, ‘तो आता कुठे असेल?’ ‘देवाघरी’ म्हणून मोकळं होणं सोपं. पण ज्यांचा परलोकावर विश्वास बसत नाही, त्यांच्या तोंडून तो शब्द निघत नाही. दुःख मात्र तेवढंच असतं. त्यात कुणी म्हणतं, ‘कुत्राच होता ना, दुसरा आणा.’ ते फार लागतं.

जर्मनीत बॉनजवळच्या ओबरकासेलला १९१४ साली एक दफन सापडलं, सुमारे १४,००० वर्षांपूर्वीचं. दोन माणसं आणि त्यांच्यासोबत कुत्र्याचं पिल्लू. दातांवरच्या खुणांवरून संशोधकांना वाटतं की ते बरेच आठवडे आजारी होतं आणि कुणीतरी त्याची शुश्रूषा करत होतं. शिकारीला त्याचा काडीचाही उपयोग नव्हता. तरी कुणीतरी त्याला भरवलं असणार, पाणी पाजलं असणार. त्या माणसांची परलोकाविषयी काय समजूत होती, ते हाडं सांगत नाहीत. माया तेवढी दिसते.

महाभारतात युधिष्ठिरासमोर इंद्राचा रथच उभा होता. स्वर्गाविषयी शंकेला जागा नव्हती. तरी सोबत आलेल्या कुत्र्याला टाकून तो रथात चढेना. तो कुत्रा म्हणजे साक्षात धर्म, हे नंतर कळलं. नकार देताना ते ठाऊक नव्हतं. मला त्या कथेत तोच क्षण सर्वांत मोठा वाटतो.

मुलाला ‘मला माहीत नाही’ असं खुशाल सांगावं. जवळ घ्यावं, कुत्र्याच्या खोड्या आठवाव्यात, रडू आलं तर दोघांनी रडावं. आणि ओळखीत कुणाकडे असं झालं असेल, तर आज फोन करा. त्या प्राण्याचं नाव घेऊन विचारपूस करा.