गेलेल्या माणसांची अमानत

दिवाळीच्या सुट्टीआधी नववीच्या वर्गाला ‘टाइमलाइन’ हा चित्रपट दाखवला. रिचर्ड डोनर यांचा हा २००३ चा चित्रपट मायकेल क्रायटन यांच्या १९९९ च्या कादंबरीवर बेतलेला आहे. आजचे संशोधक १३५७ च्या फ्रान्समध्ये, इंग्रज-फ्रेंच युद्धाच्या ऐन धुमाळीत जाऊन पडतात. चित्रपट संपला आणि मागच्या बाकावरच्या मुलीने विचारले, “सर, इनको उनकी बात समझी कैसे?”

प्रश्न नेमका होता. त्या भागातला, दॉर्दोन्यचा शेतकरी ऑक्सितान बोलायचा. इंग्रज सरदारांत फ्रेंचचे वजन होते. कोर्टातले वाद इंग्रजीत चालावेत असा कायदा इंग्लंडमध्ये झाला तो १३६२ मध्ये. कादंबरीतल्या पात्रांच्या कानात निदान अनुवादाचे यंत्र आहे. चित्रपटाने ती अडचणच काढून टाकली.

ही चूक मी माफ करतो. प्रेक्षकाला दोन तासांत गोष्ट कळायला हवी. चिलखताचा नमुना चुकला म्हणून कुणाचा हक्क मारला जात नाही.

पण दुसऱ्या जातीची चूक असते. ‘ब्लॅक नाइट’ (२००१) मध्ये करमणूक पार्कातला एक अमेरिकन नोकर १३२८ च्या इंग्लंडमध्ये पोहोचतो. दरबाराला तो नाच शिकवतो आणि दबलेल्यांना लढायचे बळ देतो. जणू त्याच्या आधी तिथे कुणाला ना हसू येत होते, ना राग! १३८१ मध्ये इंग्लंडचे शेतकरी कराविरुद्ध उठले आणि थेट लंडनला धडकले. त्यांना शिकवायला भविष्यातून कोणी आले नव्हते.

उलट व्हिन्सेंट वॉर्ड यांचा ‘द नॅव्हिगेटर’ (१९८८) पाहा. १३४८ मध्ये प्लेगच्या भीतीने इंग्लंडमधले काही गावकरी जमिनीत बोगदा खणतात आणि विसाव्या शतकातल्या न्यूझीलंडमध्ये निघतात. घटना अशक्य, पण त्यांची भीती आणि श्रद्धा यांची थट्टा नाही. त्याच वर्षी दमिश्कमध्ये मुसलमान, यहुदी, ख्रिस्ती आपापले ग्रंथ घेऊन दुआ मागायला बाहेर पडले होते. इब्न बतूताने ते पाहून नोंदवले. त्याच साथीत इब्न खल्दूनचे आईवडील गेले. पुढे १३७७ मध्ये ‘मुकद्दिमा’ लिहिताना त्याने बजावले की ज़माना बदलतो तशी माणसांची रीतही बदलते, हे विसरणारा इतिहासकार फसतो.

मेलेला माणूस आपली बाजू मांडायला येत नाही. म्हणून त्याची गोष्ट ही आपल्याकडे ठेवलेली अमानत आहे. पडद्यावर आपल्या पूर्वजांच्या वाट्याला नुसता सुरमा आणि तलवार आली की आपल्याला लागते, आणि लागायलाच हवे. मात्र आपणही बगदाद-कुर्तुबाचा फेरफटका करतो तेव्हा तिथले गुलाम, भुकेले, हरलेले आपल्याला दिसतात का? फक्त सोनेरी घुमट पाहून परतणे हीसुद्धा खियानतच.

त्या मुलीला मी म्हटले, “बेटा, समझे नहीं थे. समझने के लिए पहले सुनना पड़ता है.”