कोणाला शिकवावे?

माझा भाचा उज्जैनला आमच्याकडे शिकायला आहे. संध्याकाळी तो मोबाईलवर बास्केटबॉलचा एक खेळ खेळतो. त्यात चेंडू टाकावयाचा नसतो. संघाचा व्यवस्थापक व्हावयाचे असते. खेळाडू पुष्कळ, सरावाच्या जागा थोड्या. एकदा मी विचारले, "या खेळाडूला का वगळलेस रे?" तो म्हणाला, "मामा, अठरा वर्षांचा पोरगा लवकर शिकतो. ह्याच्यावर आठवडे घालवले तर संघ मागे पडेल."

हिशेब बिनचूक होता. परंतु त्या रात्री मला झोप येईना, कारण शब्बाथशाळेत मी हेच करीत आलो होतो. शास्त्रपाठांतराच्या स्पर्धेसाठी दर वर्षी त्याच चार हुशार मुलांना मी वेगळे बसवून शिकवीत असे. एक मुलगा अडखळत वाची. त्याला मी "पुढच्या वर्षी" म्हणत राहिलो. पुढे तो येईनासा झाला, आणि दोन महिने ते माझ्या ध्यानातही आले नाही.

मग निवड करणे पाप आहे काय? नाही. वेळ व शक्ती मर्यादित आहेत. प्रभूनेही पुष्कळ शिष्यांतून बाराच प्रेषित निवडले. पंफुल्यात सोडून गेलेल्या मार्काला बरोबर नेण्यास पौलाने नकार दिला (प्रे. कृत्ये १५), त्यालाही कारण होते, पुढचे काम कठीण होते. परंतु बर्णबाने त्याच मार्काला घेऊन कुप्राची वाट धरली. पुढे बंदिवान पौलाने तीमथ्याला लिहिले, मार्काला घेऊन ये, तो माझ्या उपयोगी आहे (२ तीमथ्य ४). पौलाला उपयोगी पडलेला हा मनुष्य बर्णबाने राखून ठेवला होता. मोबाईलमधल्या खेळात बर्णबाला जागा नाही; मंडळीत ती असलीच पाहिजे.

बास्केटबॉलचा आरंभही आठवावा. १८९१ च्या डिसेंबरात अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथे, वाय. एम. सी. ए. च्या प्रशिक्षण शाळेत, जेम्स नेस्मिथ या ईश्वरविद्या शिकलेल्या शिक्षकाने हा खेळ रचला. वर्गात अठरा जण होते. त्याने नऊ-नऊंचे दोन संघ केले. त्या दिवशी कोणीही बाहेर बसला नाही.

बंधुभगिनींनो, स्पर्धेसाठी चार मुले निवडावी लागतील, ती निवडू या. पण पाचव्याचा बर्णबा कोण, हेही त्याच दिवशी ठरवू या. मी त्या मुलाच्या घरी जाऊन आलो. तो दारात उभा राहिला, फारसे बोलला नाही. येत्या रविवारी मी पुन्हा जाणार आहे.