वीस नंबरचा अकामा

शुक्रवारी संध्याकाळी कुवेतमधल्या फरवानियात पायी हिंडायला मला आवडतं. मल्याळी हॉटेलांबाहेर गर्दी, घरी पैसे पाठवणाऱ्यांच्या एक्स्चेंजपुढे रांगा, बकाल्याच्या (किराणा दुकानाच्या) पायरीवर गावी व्हिडिओ कॉल लावून बसलेली माणसं. मावशी इथं नर्स म्हणून १९९० च्या आधी आली, त्यामुळे गल्लीबोळ तिच्या पायाखालचे. त्या दिवशी सहाव्या रिंग रोडच्या अलीकडे एक बाई आमच्या वाटेत उभी राहिली. अंगात गाऊन, पायांत घरातल्या सपाता, हातात प्लास्टिकची पिशवी. मोडक्या हिंदीत तिनं सांगितलं : आंध्रातल्या कडप्याची आहे, ‘मामा’च्या घरातून निघून आले (इथल्या मोलकरणी मालकिणीला मामा म्हणतात), पासपोर्ट मामाकडेच आहे, पगार थकलाय. दोन रात्री राहू द्या.

मावशीनं भारतीय दूतावासाच्या हेल्पलाइनला फोन लावला, टॅक्सी थांबवली. बरीच फोनाफोनी झाल्यावर दूतावासाच्या निवाऱ्यात तिची सोय झाली. परतताना आमची जुंपली.

मी : तिनं फक्त दोन रात्री मागितल्या होत्या, मावशी. आपण तिला घरी नेलं नाही.

मावशी : कुणाच्या घरी? तू बेडस्पेसमध्ये राहतोस, खोलीत आणखी तिघं. पळून आलेल्या कामगाराला आसरा देणं हा इथं गुन्हा आहे. २०२५ च्या जानेवारीत नवा निवास कायदा लागू झाला, त्यातही ते कलम आहेच. त्या तिघांना न विचारता तू त्यांचा अकामा (राहण्याचा परवाना) पणाला लावणार होतास? आणि पुरुषांच्या खोलीत ती सापडली असती, तर तिच्यावर काय बालंट आलं असतं?

मी : मग तुझं घर होतं.

मावशी : होतं. मला भीती वाटली. नाही म्हणणार नाही.

मी : भीती खरी आहे, पण तेवढ्यानं प्रश्न मिटत नाही. १९९० च्या ऑगस्टात इराकी सैन्य इथं घुसलं, त्या दिवसांत कुवेती कुटुंबांनी गोऱ्या लोकांना घरात लपवलं, हे तूच सांगतेस ना? तेव्हाही लपवणं गुन्हाच होता, आणि शिक्षा मरणाची. त्यांना आज कुणी चूक म्हणत नाही.

मावशी : तो हुकूम घुसखोराचा होता, घर मात्र त्यांचं स्वतःचं होतं. आपण कफीलच्या (प्रायोजक मालकाच्या) सहीवर राहतो. ज्या दोरीला ती बांधलेली आहे, त्याच दोरीला आपणही आहोत. फक्त तिचा अकामा वीस नंबरचा, घरकामाचा. तुझा अठराचा, खासगी नोकरीचा आहे, म्हणून तुला ऑफिस आहे, शुक्रवार आहे. तिचा मालक आणि तिचं छप्पर एकच. मालक सुटला की छप्परही सुटतं.

मी : हाच तर माझा मुद्दा! कायद्याच्या पुस्तकात सगळं तिच्या बाजूनं आहे. २०१५ चा ६८ क्रमांकाचा कायदा : आठवड्याची सुट्टी, बारा तासांची मर्यादा, पासपोर्ट मालकानं ठेवायचा नाही. पुढच्या वर्षी किमान पगारही ठरला, ६० दिनार. पण हे मागायला तिला घराबाहेर पडावं लागतं, आणि बाहेर पडली की मालक पळून गेल्याची तक्रार ठोकतो. हक्क मागायला गेली की गुन्हेगार. अशा वेळी कायदा पाळणाऱ्यानं नेमकं काय पाळलं?

मावशी थोडा वेळ बोलली नाही. मला वाटतं, या प्रश्नाला तिच्याकडे उत्तर नव्हतं. माझ्याकडेही नाही.

मावशी : २०१८ मध्ये फिलिपिन्सच्या दूतावासाची माणसं मालकांच्या घरांतून बायका सोडवून आणायला लागली. व्हिडिओ पसरले. एप्रिलमध्ये त्यांच्या राजदूताला देश सोडायला सांगितलं.

मी : आणि मे महिन्यात दोन्ही देशांत करार झाला. पासपोर्ट काढून घ्यायचा नाही, फोन वापरू द्यायचा. मर्यादा ओलांडल्याशिवाय झाला असता तो?

मावशी : त्याआधी जोआना डेमाफेलिस या फिलिपिनो मोलकरणीचा देह एका बंद फ्लॅटच्या फ्रीझरमध्ये सापडला होता. करारामागं ते मरण होतं, तिच्या देशानं इथं कामगार पाठवण्यावर घातलेली बंदी होती. शिवाय राजदूत निदान विमानात बसून मायदेशी जाऊ शकला. आपल्या धाडसाची किंमत कोण मोजणार, हे मी आधी बघते. आपण तिला लपवलं असतं आणि पकडले गेलो असतो, तर तिची पगाराची तक्रार बुडाली असती. ती फक्त ‘पळालेली आणि लपलेली’ उरली असती. आता ती स्वतःच्या पायांनी दूतावासात गेली आहे, याची नोंद झाली.

मी : म्हणजे आपण सुरक्षित राहिलो आणि तिच्या भल्याचंही तेच निघालं. हा योगायोग मला फार सोयीचा वाटतो.

मावशी : मलाही वाटतो. म्हणून तर दारात सोडून मोकळं व्हायचं नाही. रविवारी कामगार खात्यात तिचा जबाब होईल. मालक समोर असेल, कागद अरबीत असतील. तिला धड हिंदी येत नाही. तुझ्या ऑफिसात तेलुगू बोलणारं कुणी आहे?

मी : आहे एक. पण रविवारी दोघांना सुट्टी मागायची म्हणजे साहेब कारण विचारणार.

मावशी : विचारू दे. खरं ते सांग. आणि दोघंही बताका (ओळखपत्र) बरोबर ठेवा.