उंच स्वर, पुरुषाचा गळा

बुरोंडीपासून गुहागरपर्यंतच्या पट्ट्यात शिमग्याचे खेळे निघाले की संकासुराबरोबर लुगडं नेसलेली राधा किंवा गोमू असते. लुगड्यातला हा बाप्या कोण, कुठल्या वाडीतला, हे पोराटोरांनाही ठाऊक असतं. रात्री ‘नमन’ या कोकणी लोकनाट्यात गवळण सुरू झाली तरी परंपरेनं गवळणी पुरुषच. त्या मृदंगाच्या ठेक्यावर मुरडतात, पदर सावरतात, आणि त्यांच्या तोंडचं गाणं मागे उभ्या गाणाऱ्यांच्या खड्या, पुरुषी आवाजात येतं. आवाज बारीक करण्याच्या भानगडीत कुणी पडत नाही. बघणाऱ्यालाही त्यात काही खटकत नाही.

या न खटकण्याबद्दलच मला लिहायचं आहे. कारण युरोपात याच्या नेमका उलटा प्रकार आहे आणि तोही लोकांना तितकाच वेड लावतो. दाढीमिशा असलेला, बोलताना भरदार आवाजाचा माणूस रंगमंचावर येतो आणि गायला लागतो तो बाईच्या उंचीच्या स्वरात. त्याला काउंटरटेनर म्हणतात. गंमत म्हणजे तो बहुधा बाईची भूमिका करत नसतो. हॅन्डेलच्या १७२४ सालच्या ‘जुलिओ चेझारे’ या ऑपेरात हा उंच आवाज रोमच्या सेनापतीचा, खुद्द सीझरचा आहे. तिकडे आवाज चढतो आणि भूमिका पुरुषाची राहते; आपल्याकडे भूमिका बाईची होते आणि आवाज पुरुषाचाच राहतो.

तो आवाज निघतो कसा? साध्या आवाजात स्वरतंतू जाडीसकट कंप पावतात. फॉल्सेटोत, म्हणजे या चढ्या आवाजात, ते ताणून पातळ होतात, बव्हंशी त्यांच्या कडाच थरथरतात आणि ते पुरते मिटतही नाहीत. त्यामुळे आवाजातले उपस्वर कमी होतात आणि बासरीसारखा मोकळा, थोडा हवेशीर नाद येतो. हा नाद बाईच्या आवाजासारखा नसतो आणि मुलाच्या आवाजासारखाही नसतो. काउंटरटेनर वर्षानुवर्षं मेहनत करून त्यात ताकद आणि लांब दम भरतो.

या आवडीमागचा इतिहास मात्र गोड नाही. रोमन चर्चनं बायकांना गायनवृंदात मज्जाव केला होता, आणि वरचे स्वर तर हवेच होते. मग गरीब घरच्या मुलांचं वयात येण्याआधी खच्चीकरण करून त्यांना गवई करण्यात आलं. हे कास्त्राती. त्यांतला फारिनेल्ली १७३७ साली स्पेनच्या दरबारी गेला आणि राजाचा लाडका झाला. असंख्य मुलांच्या वाट्याला नुसतं व्यंग आलं. हॅन्डेलचा सीझर पहिल्यांदा गायला तो सेनेसिनोही कास्त्रातोच. शेवटच्यांपैकी एक, आलेस्सांद्रो मोरेस्की याच्या १९०२ आणि १९०४ सालच्या ध्वनिमुद्रिका आजही ऐकता येतात. पुढे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्लंडमध्ये मायकेल टिपेट या संगीतकारानं कँटरबरीच्या कॅथीड्रलमधल्या आल्फ्रेड डेलरला ऐकलं आणि चर्चच्या वृंदात टिकून राहिलेला हा फॉल्सेटो मैफलीत आला. १९६० साली बेंजामिन ब्रिटननं आपल्या ऑपेरातली ऑबेरॉनची भूमिका खास डेलरसाठी लिहिली.

मज्जाव आपल्याकडेही होता. घरंदाज बाईनं रंगभूमीवर पाय ठेवायचा नाही, म्हणून स्त्रीभूमिका पुरुषांकडे आल्या. किर्लोस्कर मंडळीत भाऊराव कोल्हटकर, पुढे त्याच मंडळीत नारायण श्रीपाद राजहंस म्हणजे बालगंधर्व. ‘मानापमाना’तली भामिनी (१९११), ‘स्वयंवरा’तली रुक्मिणी (१९१६), ‘एकच प्याला’तली सिंधू (१९१९) या बायका त्यांनी उभ्या केल्या आणि खऱ्या बायका त्यांच्यासारखं नेसू-माळू लागल्या. पण ध्वनिमुद्रिका ऐका. त्यात फॉल्सेटो नाही. गळा पुरुषाचाच आहे. बाईपण आहे ते स्वर लावण्यातल्या हळुवारपणात, शब्द सोडण्यातल्या लाडिकपणात. ८ जुलै १९२१ रोजी टिळक स्वराज्य फंडासाठी ‘संयुक्त मानापमान’ झालं, तेव्हा नायक धैर्यधर झालेल्या केशवराव भोसल्यांचा आवाज धारदार, टिपेला भिडणारा होता. भामिनी आणि धैर्यधर यांच्यातलं अंतर पट्टीनं पडलं नव्हतं, फेकीनं पडलं होतं.

आपल्याला काउंटरटेनरची गरज का पडली नाही, याची मला दोन कारणं दिसतात. पहिलं, आपला षड्ज फिरता आहे. कुणी काळी एकमध्ये गातो, कुणी पांढरी चारमध्ये. चीज तीच राहते. युरोपात संगीतकारानं कागदावर जो स्वर लिहिला, त्याच उंचीवर तो लागला पाहिजे. तिथे बाईला बंदी केली की त्या उंचीला पोहोचणारा पुरुष घडवावाच लागतो. दुसरं कारण आपल्या कानाचं आहे. ज्ञानेश्वरांच्या विराण्यांत बोलते ती विरहिणी. वारकऱ्यांच्या भजनात गवळणी पुरुष म्हणतात. ख्यालात ‘सखी’ला साद घालणारी नायिका असते, आणि फैयाज खाँ किंवा भीमसेन जोशी यांच्या भरदार आवाजातून ती बिनतक्रार बोलते. शब्द कुणाचे आणि गळा कुणाचा, हे जुळलंच पाहिजे असा हट्ट आपल्या कानानं कधी धरला नाही. नमनातली गवळण याच कानात रुजली.

म्हणजे या दोन्ही प्रकारांचं आकर्षण एकाच जागी आहे. काउंटरटेनर हुबेहूब बाईसारखा गायला असता तर त्याला कुणी विचारलं नसतं. त्यासाठी बाई आहेच. दिसणारं शरीर आणि ऐकू येणारं गाणं यांत एक फट राहते आणि ती ऐकणारा स्वतः भरून काढतो. गाण्यात त्याचाही हात लागतो. नक्कल जितकी तंतोतंत, तितकं त्याला करण्यासारखं कमी उरतं.

मात्र या फटीचं कौतुक करताना दाराबाहेर ठेवलेल्या बायका विसरता येत नाहीत. विसाच्या दशकाच्या अखेरीस हिराबाई बडोदेकरांनी स्वतःची नाटक मंडळी काढली. १ जुलै १९३३ रोजी नाट्यमन्वंतर या नाट्यसंस्थेच्या ‘आंधळ्यांची शाळा’त स्त्रीभूमिका बायकांनी केल्या आणि ज्योत्स्ना भोळे गायल्या. स्त्रीपार्टाची परंपरा हळूहळू ओसरली, ते योग्यच झालं. इलाज म्हणून आलेली गोष्ट इलाजापुरतीच असती तर तिथेच संपली असती. पण सुबोध भावे यांची भूमिका असलेल्या ‘बालगंधर्व’ (२०११) चित्रपटात आनंद भाटे नायिकांची पदं पुरुषी गळ्यानं गातात आणि लोक माना डोलावतात. उलट दिशेनं, टॉन्सिलच्या शस्त्रक्रियेनंतर गंगूबाई हनगल यांचा आवाज जाड, पुरुषी झाला आणि त्याच आवाजानं त्यांनी किराणा घराण्याचं गाणं मोठं केलं.

आज बहुरंगी नमनात गवळणीला मुली उभ्या राहतात. युरोपात काउंटरटेनरच्या शेजारी सोप्रानो गाते आणि सीझरची भूमिका कधी तो करतो, कधी एखादी स्त्री. आता कुणी कुणाची जागा अडवून बसलेला नाही. सक्ती गेल्यावरही जे लोकांना ऐकावंसं वाटतं, तीच त्या कलेची खरी कमाई. आपली अडचण वेगळीच आहे. बालगंधर्वांना डोक्यावर घेणारा हा समाज आवाज पातळ असलेल्या मुलाला शाळेत ‘बायकी’ म्हणून गप्प बसवतो, आणि जाड आवाजाच्या मुलीला गाण्याच्या क्लासात मागे उभी करतो. शंभर वर्षांपूर्वी रंगभूमीचं दार बायकांना बंद होतं. आज गळ्याच्या जातीवरून जे दार लावलं जातं, ते लावणारे आपणच आहोत, आणि ते उघडायला कुठल्या नाट्यमन्वंतराची गरज नाही.