नाव ठेवणे आणि नावे ठेवणे

मराठीत ‘नाव ठेवणे’ आणि ‘नावे ठेवणे’ यांत एका मात्रेचा काय तो फरक आहे. पहिले काम बारशाच्या दिवशी आत्या करते आणि दुसरे काम पुढे जन्मभर सगळे नातेवाईक मिळून करतात. हा विनोद मी चारचौघांत कितीतरी वेळा केला असेल. पण या दोन कामांमधली सीमा किती पुसट आहे, आणि ती ओलांडताना आपल्याला पत्ताही कसा लागत नाही, हे मला एका सशाने शिकवले.

माझी पुतणी पुण्यात राहते. तिच्या गच्चीवरच्या खोलीत लोकांनी टाकून दिलेले ससे असतात. कुणी मुलाच्या वाढदिवसाला हौसेने ससा आणतो. हौस दोन महिन्यांत फिटते. ससा मात्र नीट सांभाळला तर ८ ते १२ वर्षे जगतो. त्याचे दात जन्मभर वाढत राहतात. ते झिजायला त्याला दिवसभर गवत चघळावे लागते. चित्रांच्या पुस्तकातल्या गाजरावर त्याचे भागत नाही. गवत मिळाले नाही की तो खुर्चीचे पाय कुरतडतो, विजेच्या तारा कुरतडतो. मग एके दिवशी घरातले कोणीतरी त्याला टेकडीवर नेऊन ‘मोकळा’ करून येते आणि पुण्य केल्याच्या समाधानात घरी परतते. आपल्या डोंगरातला रानससा निराळा आणि हा युरोपातल्या जातीचा, पिढ्यानपिढ्या माणसाच्या हाताखाली वाढलेला प्राणी निराळा. टेकडीवर त्याचा पांढरा रंग कुत्र्यांना आणि घारींना लांबून दिसतो. त्यातून जे वाचतात त्यांतले थोडे माझ्या पुतणीकडे पोचतात. ती त्यांना बरे करते आणि त्यांच्यासाठी घर शोधते.

खोलीत जाळीचे खण आहेत. प्रत्येक खणावर पुठ्ठ्याची एक चिठ्ठी, आणि तिच्यावर नाव. मी मराठीचा शिक्षक होतो, म्हणून नावे ठेवण्याचे काम तिने माझ्याकडे सोपवले. ‘साखर’, ‘कापूस’, ‘जाई’ अशी नावे मी भराभर सुचवली. एक दिवस तिने कानाच्या आजारातून नुकताच उठलेला, लाल डोळ्यांचा एक पांढरा ससा आणला. सशांना कानाच्या आतल्या भागाचा असा आजार होतो. तो बरा झाला तरी कित्येकदा मान कायमची कललेली राहते. हा ससाही सगळ्या जगाकडे तिरप्या नजरेने पाहत होता. मी हसलो आणि म्हणालो, “हा तर वाकड्या!” पुतणीही हसली. चिठ्ठीवर ‘वाकड्या’ लिहिले गेले.

साखर गेली, कापूस गेला, जाई गेली. वाकड्या सात महिने राहिला. लोक येत, चिठ्ठी वाचत, त्याच्याकडे बघत, हसत आणि पुढच्या खणाकडे वळत. हसण्यात दुष्टपणा नसे. मीही तसाच हसलो होतो.

एका संध्याकाळी पुतणी म्हणाली, “काका, त्याचं नाव बदलू या. मला वाटतं, नावामुळेच तो राहतोय.”

मला ते पटले नाही. मी म्हणालो, “नाव बदलून मान सरळ होणार आहे का? ससा तोच, आजार तोच. गोड नाव देऊन आपण गिऱ्हाईक फसवणार. आणि नुसत्या नावाला भुलून जो ससा नेईल, तो उद्या नावाचा कंटाळा आल्यावर त्याला पुन्हा टेकडीवर सोडणार नाही कशावरून?”

ती शांतपणे म्हणाली, “काका, ‘साखर’ हे नाव तुम्हीच ठेवलंत. ती चावत होती. तेव्हा फसवणूक नाही वाटली?”

यावर मला उत्तर सुचले नाही. त्या रात्री घरी आल्यावर मी हा प्रश्न स्वतःशीच घोळवत बसलो.

नावाने खरोखर फरक पडतो का? सशांचे मला ठाऊक नाही, पण कुत्र्यांच्या बाबतीत अमेरिकेत अ‍ॅरिझोना राज्य विद्यापीठातल्या संशोधकांनी याच्या जवळपासचा प्रश्न तपासला होता. त्यांचा निबंध २०१६ साली प्रसिद्ध झाला. आश्रयगृहातल्या ज्या कुत्र्यांच्या पाटीवर ‘पिट बुल’ असे जातीचे नाव होते, ते हुबेहूब तशाच दिसणाऱ्या पण दुसऱ्या जातीची पाटी असलेल्या कुत्र्यांपेक्षा तिपटीहून अधिक काळ घराची वाट पाहत राहिले. फ्लॉरिडातल्या एका आश्रयगृहाने पाट्यांवरून जातच काढून टाकली, तेव्हा तशा कुत्र्यांना घरे मिळण्याचे प्रमाण वाढले. कुत्रे तेच होते. बदलली ती पाटी. अर्थात जातीचे नाव आणि हाक मारायचे नाव या दोन वस्तू एक नव्हेत, आणि रंग, वय, आजार यांचाही भार तराजूत पडतोच. परंतु पाटी वाचणाऱ्याचे डोळे पाटीच्या रंगाने रंगतात, एवढे तरी त्यावरून मानावे लागते.

मग मला आपलीच नावे आठवली. ज्या घरात मुले जगत नसत, तिथे पुढच्या मुलाचे नाव दगडू, धोंडू, कचरू, भिकू असे ठेवीत. मृत्यू दाराशी आला तर त्याला वाटावे, इथे नेण्यासारखे काही नाही. म्हणजे ज्याने निवडू नये अशी आईची इच्छा होती, त्याच्यासाठी ती चिठ्ठी लिहिलेली होती. दगडू या नावात तिचे सारे काळीज असे. पण मग नकुशी हे नावही आठवले. मुलगा हवा असताना मुलगी झाली, म्हणून ‘नकोशी’. दगडू आणि नकुशी, दोन्ही नावे वरवर नकाराचीच. एक म्हणते, “हिला तू नेऊ नकोस”, दुसरे म्हणते, “ही आम्हाला नको.” २०११ साली सातारा जिल्ह्यात अशा २८५ मुलींना समारंभपूर्वक नवी नावे देण्यात आली. त्या मुलींचे गुण त्या दिवशी बदलले नाहीत आणि घरेही बदलली नाहीत. तरीही, नाव बदलून काय होते, असे त्या मुलींच्या तोंडावर विचारण्याची माझी छाती झाली नसती. मग सशाच्या बाबतीत मी ते इतक्या सहज कसे विचारले?

नाव ठेवणाऱ्याचा हेतू काय हे महत्त्वाचे, असे म्हणून मी सुटू पाहत होतो. माझा हेतू थट्टेचा, मायेचा होता. दगडूच्या आईचाही मायेचाच होता. पण तिने पुढचा विचार केला होता. आपण दिलेले नाव कोण वाचणार आहे, हे तिला पक्के ठाऊक होते. मी तो विचार केला नव्हता. माझी माया माझ्यापाशी राहिली आणि चिठ्ठीवर उरला तो नुसता दोष.

बिअ‍ॅट्रिक्स पॉटरबाईंची पीटर नावाच्या सशाची गोष्ट १९०२ साली पुस्तकरूपाने निघाली. आपल्याकडेही कितीतरी मुलांनी ती वाचली आहे. पीटर हे त्यांच्या स्वतःच्या सशाचे नाव. गोष्टीतल्या चारही भावंडांना नावे आहेत. पीटरच्या बापाला मात्र नाव नाही. त्याला मॅक्‌ग्रेगरबाईने कणकेच्या आवरणात घालून भाजले, एवढेच आपल्याला कळते आणि आपण पान उलटतो. पीटर पकडला जाऊ नये म्हणून ज्या मुलाचा जीव खालीवर होतो, ते मूल बापासाठी क्षणभरही थांबत नाही. लेखिकेने हे मुद्दाम केले की नाही, कोण जाणे. पण ज्याला नाव आहे त्याच्या उद्याची आपल्याला काळजी वाटते, हे खरे. नाव हे हाक मारण्यासाठी असते, आणि हाक उद्याही मारायची असते.

म्हणजे ‘वाकड्या’ हे नाव होते, की ती नुसती नोंद होती?

दुसऱ्या दिवशी मी पुतणीकडे गेलो आणि म्हणालो, “शशांक ठेव. चंद्रावर डाग आहे. आपल्या पूर्वजांना त्यात ससा दिसला आणि त्यांनी त्या डागावरूनच चंद्राला नाव दिलं. इतकं सुंदर की लोक ते आपल्या मुलांना ठेवतात. सशाने चंद्राला दिलेलं नाव आज सशाला परत करू.”

ती म्हणाली, “काका, पालक घालताना शशांक म्हणून कोण हाक मारणार?”

शेवटी ‘चंदू’ ठरले. फसवणुकीची माझी शंका मात्र मी सोडली नाही. ती योग्यच होती, असे मला अजूनही वाटते. म्हणून नावाखाली बारीक अक्षरात लिहिले: ‘कानाच्या आजारातून बरा झाला आहे. मान अशीच राहील. जागा बदलली की दोन दिवस गोंधळतो.’ दोष लपवायचा नाही. फक्त त्याला नावाच्या जागी बसवायचे नाही.

तीन आठवड्यांनी एक आजीबाई नातवाला घेऊन आल्या. मुलाने चिठ्ठी वाचली आणि जाळीशी बसून हाक मारली, “चंदू!” ससा तिरपा तिरपा चालत आला. त्याला नाव कळले असे मी म्हणणार नाही. मुलाच्या हातात कोथिंबीर होती. मुलाने त्याच्याकडे नीट पाहिले आणि विचारले, “याची मान अशी का?”

सात महिन्यांत हा प्रश्न कुणीही विचारला नव्हता. विचारण्याचे कारणच नव्हते. माझ्या चिठ्ठीने त्याचे उत्तर आधीच देऊन टाकले होते.

पुतणीने सगळे समजावून सांगितले. आजीबाई लगेच काही बोलल्या नाहीत. आठ दिवसांनी त्या एकट्या आल्या, औषधपाण्याची चौकशी केली, आणि ससा घेऊन गेल्या. यावरून नावाचा महिमा सिद्ध झाला, असे मी म्हणत नाही. एक ससा आणि एक कुटुंब यांवरून काहीच सिद्ध होत नाही. तोच ससा त्याच माणसांपुढे दोन नावांनी ठेवून पाहता येत नाही. कदाचित ते श्रेय कोथिंबिरीचे असेल. त्या घरी त्याला आता ‘बंड्या’ म्हणतात, असे ऐकतो. म्हणजे आम्ही इतका खल करून काढलेले नाव जेमतेम महिनाभर टिकले. त्याचे मला काही वाटत नाही. जे त्याला रोज हाक मारणार, त्यांचाच तो हक्क आहे.

मला वाटते ते निराळ्याच गोष्टीचे. जे सात महिने त्याने खणात काढले, त्यांतले किती माझ्या एका विनोदाचे होते, याचा हिशेब मला कधीच लागणार नाही. आणि शाळेतल्या तीस वर्षांत अशाच हसतमुखाने मी किती मुलांना ‘नाव’ दिले असेल, हेही आता आठवत नाही. त्यांना ते आठवत असेल.

परवा पुतणीचा निरोप आला. एक नवा ससा आला आहे, काळा, एक कान फाटलेला. नाव काय ठेवायचे? मी म्हटले, “घाई करू नकोस. मी उद्या येतो. आधी त्याला पाहू दे.”