श्रेयाची वाटणी

इंग्लंडमधील लाकूडकामाच्या इतिहासात थॉमस चिपेंडेल (१७१८–१७७९) याचे नाव अग्रभागी आहे. एका संपूर्ण शैलीलाच त्याचे नाव मिळाले. ही कीर्ती दूरवर पोहोचण्यास त्याच्या कारखान्यातील खुर्च्या-कपाटांपेक्षाही एक पुस्तक अधिक कारणीभूत झाले. ‘द जंटलमन अँड कॅबिनेट-मेकर्स डायरेक्टर’ हा त्याचा नमुनाग्रंथ १७५४ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. त्यात दीडशेहून अधिक चित्रे होती आणि ती सर्व तांब्याच्या पत्र्यांवर कोरून छापलेली होती. बहुसंख्य पत्रे कोरणारा कारागीर होता मॅथायस डार्ली. त्याचे नाव आज फारच थोड्यांना ठाऊक आहे.

हे कोरणे म्हणजे निव्वळ नक्कल होती काय? चिपेंडेल शाईने रेखाटून त्यावर करड्या रंगाचा पातळ हात फिरवी. छाया आणि उठाव त्यातून साधत. तांब्यावर मात्र करडा रंग नसतो. तेथे रेषा असते, नाहीतर मोकळी जागा. लाकडाची खोली दाखवायची तर रेषा किती दाट ओढाव्यात आणि कोठे थांबाव्यात, हे कोरणाऱ्यानेच ठरवायचे. शिवाय छाप उलटा उमटतो, म्हणून सगळे उलटे कोरायचे. एका भाषेतील अर्थ दुसऱ्या भाषेत नेण्यासारखेच हे काम. त्यातून डार्ली स्वतःही खुर्च्यांचे नमुने प्रसिद्ध करणारा माणूस. अशा हाताने दुसऱ्याची कल्पना कोरताना स्वतःचे काहीच मिसळले नसेल, असे कसे म्हणावे?

मग या चित्रांचा कर्ता कोण? त्या काळच्या कायद्यालाही हा प्रश्न पडला होता. विल्यम होगार्थ या चित्रकाराच्या पुढाकाराने १७३५ साली कोरीव चित्रांना चौदा वर्षांचे संरक्षण मिळाले. परंतु ते स्वतःच्या कल्पनेतून चित्र सिद्ध करणाऱ्यापुरते होते. दुसऱ्याच्या रेखाटनावरून केलेल्या कोरीव कामास ते मिळण्यास १७६७ साल उजाडावे लागले. कायद्याला जे दिसण्यास तीन तपे जवळजवळ लागली, ते चित्रांच्या तळाशी आधीपासूनच लिहिलेले होते. एका कोपऱ्यात ‘कल्पिले व रेखाटले’ म्हणून चिपेंडेल, दुसऱ्या कोपऱ्यात ‘कोरले’ म्हणून डार्ली. तीन लॅटिन क्रियापदे, दोन नावे.

या क्रियापदांत मला एक नैतिक विवेक दिसतो. दोघांचे श्रेय समान आहे, असे ती म्हणत नाहीत; कोणी काय केले एवढेच अचूक सांगतात. श्रेयाबाबतचा न्याय समान वाट्यापेक्षा अशा अचूकपणात अधिक असतो.

अर्थात हा अचूकपणाही अपुराच. ‘डायरेक्टर’मधील काही खुर्च्यांचे पुढचे दोन पाय निरनिराळ्या नक्षीचे दाखविले आहेत. खुर्ची तशी करायची नसे. दोहोंतून एक निवडण्याची मुभा करणाऱ्याला होती. म्हणजे चित्र पूर्ण व्हायचे ते कुठल्यातरी गावातील सुताराच्या हाती, आणि त्याच्यासाठी तळाशी तिसरा कोपरा नव्हता.

हे लिहिताना घरातील एक गोष्ट आठवते. वडील लेख लिहीत, आणि त्यांची सुवाच्य प्रत आई करीत असे. प्रत करताना ती एखादे वाक्य सोडवी, एखादा शब्द बदली. वडील वाचून मान डोलावीत. लेखांचे पुस्तक निघाले तेव्हा मुद्रणप्रत मीच सिद्ध केली. अर्पणपत्रिकेत आईविषयी कृतज्ञतेचे चार शब्द घातले आणि ऋण फिटले असे मानले. आज वाटते, ती कृतज्ञता ढोबळ होती. तिच्या प्रेमाचा उल्लेख झाला, कामाचा राहून गेला. ‘प्रत व संस्करण’ असे दोन शब्द आणि पुढे तिचे नाव, एवढे पुरे होते. वडिलांचे त्याने काहीच उणे झाले नसते.

आपल्या घराघरांत जुनी पुस्तके, जुने पाट, जुनी कपाटे आहेत. त्यांच्याशी एकच नाव जोडून सांगण्याची आपल्याला सवय आहे. ज्यांना दुसरे नाव अजून आठवते, त्यांनी ते सांगून ठेवावे.